जंतू गेल्यावर

युनिफॉर्मची बाही दंडाला दाटत होती. शिवण उसवून थोडी सैल करावी म्हणून ब्लेड शोधायला मी मालकांचा दाढीचा डबा उघडला. ब्रश, तुरटी, मिशा कातरायची कात्री बाजूला काढली. तळाला वर्तमानपत्राची घडी होती आणि तिच्याखाली गोळ्यांची पट्टी. अर्ध्याच्या वर संपलेली.

नाव वाचलं आणि डबा मांडीवर घेऊन मी तशीच खाली बसले. गोळी ओळखीची होती. दीड वर्षापूर्वी हीच गोळी मी स्वतः गिळली होती.

मालक म्हणजे माझे यजमान, धनाजी. समोर मी त्यांना कधी नावानं हाक मारली नाही, पण ही हकिकत सांगताना नाव घेतल्याशिवाय भागणार नाही.

परसातून सासूबाईंचा आवाज आला, "उज्वला, डबा भरून ठेवलाय गं. ड्यूटीला उशीर व्हईल."

"आले, आत्ती."

पट्टी पर्समध्ये टाकली, डबा होता तसा लावून ठेवला आणि बाही तशीच दाटत असताना मी डेपोत गेले.

मी तेव्हा गडहिंग्लज डेपोत कंडक्टर होते. धनाजी पोकलेन चालवायचे. रस्त्याच्या ठेकेदाराकडे कामाला, वर्षातले आठ महिने कर्नाटकात कुठंतरी कॅम्पवर. गावच्या जत्रेला आणि दिवाळीला घरी. दीड वर्षापूर्वी अशीच जत्रा करून ते परत गेले आणि थोड्या दिवसांनी माझं ओटीपोट दुखायला लागलं. लघवीला आग. सासूबाई म्हणाल्या, "उन्हाळी लागली असंल. दिवसभर गाडीत तुंबवून बसतीस, दुसरं काय व्हणार?" त्यांनी धन्याचं पाणी दिलं, सब्जा दिला. आठवड्याभरात ताप चढला आणि मला सरळ उभं राहता येईना.

गावातल्या डॉक्टरांनी तपासलं, मग जरा थांबून विचारलं, "मिस्टर बाहेरगावी असतात का?"

धनाजींना बोलावून घ्यावं लागलं. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की हा संबंधातून लागणारा आजार आहे, क्लॅमिडिया म्हणतात, औषधानं बरा होतो, पण दोघांनीही औषध घ्यायचं आणि तोवर जवळ यायचं नाही. धनाजी सगळा वेळ फरशीकडं बघत होते. बाहेर आल्यावर मोटारसायकलला किल्ली लावता लावता माझ्याकडं न बघताच म्हणाले, "एकदाच झालं. चुकलं माझं."

मी म्हणाले, "बरं."

अंगात ताप होता. घरी मुलगी, सानिका, पहिलीत होती. सासूबाईंना काही कळू द्यायचं नव्हतं. त्या वेळी मला दुसरा शब्दच सुचला नाही, आणि त्या एका 'बरं'वर आम्ही पुढं दीड वर्ष संसार केला.

औषधं झाली. तीन महिन्यांनी परत तपासलं. दोघांचेही रिपोर्ट चांगले. धनाजींनी कॅम्पची नोकरी सोडली, गावाकडंच एकाचा जेसीबी चालवायला घेतला. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, झालं गेलं मिटलं.

पण माझं दुखणं गेलं नव्हतं. ताप नाही, दुसरं काही नाही, पण ओटीपोटात उजव्या बाजूला एक ठणका कायमचा मुक्कामाला आलेला. गाडी खड्ड्यात आदळली की तो जागा व्हायचा. लघवी तुंबवली की जागा व्हायचा. मालक जवळ आले तर इतका, की मी दात आवळून छताकडं बघत राहायचे; नंतर नंतर तर ते जवळच यायचे बंद झाले. गावातल्या डॉक्टरांनी एकदा परत गोळ्या दिल्या. फरक नाही. पुन्हा रिपोर्ट केला, पुन्हा चांगला. "मनावर घेऊ नका," एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मनावर घेऊ नको तर काय करू? मी माझ्या पद्धतीनं अर्थ लावला होता. ह्यांनी बाहेरचं सोडलं असतं तर माझं दुखणं थांबलं असतं. थांबलं नाही, त्या अर्थी ह्यांनी सोडलेलं नाही. रिपोर्टचं काय, रिपोर्ट चुकतात. एखाद्या दिवशी कळ जोरात आली की मी मनात मागं मागं जायचे: परवा हे जेसीबीचा पार्ट आणायला म्हणून कोल्हापूरला गेले होते, मुक्काम कुठं केला? माझं पोट माझा खबऱ्या झालं होतं, आणि मी त्याच्यावर माणसापेक्षा जास्त विश्वास ठेवत होते.

आणि आता ही पट्टी.

त्या दिवशी आमची गाडी आजऱ्याची होती. ड्रायव्हर शिवगोंडा अण्णा, निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. वाटेत एका देवळाजवळ ते रोज गाडी थांबवून उतरायचे आणि चाकांना लाथ मारून हवा बघायचे. चाकांना काही झालेलं नसायचं. देवळाच्या मागं बायकांसाठी चांगलं संडास-बाथरूम होतं, म्हणून ते थांबायचे. हे आम्ही दोघांनीही कधी बोलून दाखवलं नव्हतं.

परतीला आजऱ्याच्या स्टँडवर चहा घेताना ते म्हणाले, "बाई, आज एकाच म्हाताऱ्याला तुम्ही दोनदा तिकीट काढायला लावत हुता. भांडायला उठला त्यो."

"लक्ष नव्हतं, अण्णा."

"दुखायलंय न्हवं?" त्यांनी कपात बघत विचारलं. "किती दिस बघतोय मी. आमच्या सुनंचंबी असंच ओटीपोटाचं हुतं. मिरजेला एक हेरवाडे म्हणून डॉक्टरीणबाई हायत. ऐकून घेत्यात. बाकीच्यांगत घाई करत न्हाईत." मग कप ठेवून उठले. "अंगावर काढू नगा, एवढंच."

त्यांना काय माहीत, मला तेव्हा पोटापेक्षा पर्समधली पट्टी जास्त दुखत होती.

ड्यूटी संपवून घरी गेले तेव्हा अजून ऊन होतं. धनाजी गोठ्याच्या मागं म्हैस धूत होते. सासूबाई सानिकाला घेऊन गिरणीत दळपाला गेल्या होत्या. मी पट्टी काढून धनाजींच्यासमोर धरली.

"ह्या कुणाच्या?"

त्यांनी बादली खाली ठेवली. "माझ्या."

"परत लागलं?"

"परत न्हाई. तेच. गेलंच न्हाई ते माझं."

"रिपोर्ट चांगला आला होता तुमचा."

"रिपोर्टचं मला सांगू नको," ते एकदम चिडून बोलले, मग आवाज खाली आला. "सकाळी लघवीला गेलो की टोचतंय. दिवसभर तिथंच ध्यान. काय येतंय का, काय दिसतंय का, रोज दाबून बघतोय. कोल्हापुरात एक मेडिकलवाला देतो गोळ्या. चार दिस बरं वाटतंय, परत सुरू."

"दीड वर्ष खाताय?"

"मधनं मधनं."

"आणि मला सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तू काय समजली असतीस?"

आत्ता समजतेय तेच, असं माझ्या तोंडावर आलं होतं. कोल्हापूरचा मेडिकलवाला. कोल्हापूरचा मुक्काम. सगळं जुळत होतं. त्यांच्या एका शब्दावरही माझा विश्वास बसला नाही.

"उद्या माझी सुट्टी आहे," मी म्हणाले. "मिरजेला जायचं. दोघांनी तपासून घ्यायचं. तुमच्यात परत काही निघालं तर मी सानिकाला घेऊन नेसरीला जाणार, आईकडं. परत आणायला यायचं नाही."

धनाजींनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "आणि काय न्हाई निघालं तर?"

मी घरात गेले. त्याचा मी विचारच केला नव्हता.

हेरवाडे डॉक्टरीणबाईंचा दवाखाना मिरजेत एका जुन्या बोळात, दुसऱ्या मजल्यावर होता. बाई पन्नाशीच्या, केस कापलेले, चष्मा दोरीला अडकवलेला. त्यांनी आधी मला एकटीला आत घेतलं. कधीपासून, कुठं, कसं. बसताना, चालताना, जवळ येताना. तो शेवटचा प्रश्न मला तोवर कुणीच विचारला नव्हता. मग तपासायला घेतलं. आतून एका बोटानं त्या सावकाश एकेक जागा दाबत गेल्या आणि एका ठिकाणी मी टेबलाची कड घट्ट धरली.

"हेच का?"

"हेच."

"हेच दुखणं? दुसरं कुठलं नाही?"

"हेच, बाई." आणि मला रडू कोसळलं. लाजेनं नव्हे. इतके दिवस मी ज्याच्याबद्दल सांगत होते ते दुसऱ्या कुणाच्या तरी बोटाला लागलं होतं, म्हणून.

धनाजींनाही त्यांनी असंच एकट्याला बसवून विचारलं. दोघांचे नमुने घेतले आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं.

तो आठवडा कसा गेला ते सांगण्यासारखं नाही. मी कपाटातले सानिकाचे कपडे वेगळे काढून ठेवले होते. धनाजींनी ते बघितले.

दुसऱ्या खेपेला बाईंनी दोघांना एकत्र बसवलं आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं, "दोघांच्याही अंगात आता तो जंतू नाही. दुसराही कुठला नाही."

धनाजींनी डोळे मिटून घेतले.

"मग मला दुखतं कशानं?" मी विचारलं. माझा आवाज भांडल्यासारखा येत होता.

"पायात काटा मोडला आणि महिनाभर तुम्ही लंगडत चाललात, तर काटा निघाल्यावरसुद्धा कंबर धरते की नाही? तसंच आहे हे. तुमच्या आत चांगलीच सूज येऊन गेली होती. तिचे थोडे वण राहिले असतील. आणि दुखेल, दुखेल म्हणून तुम्ही आतले स्नायू सारखे आवळून धरलेत. गाडीचे धक्के, तुंबवलेली लघवी, त्यात भर. आता ते सैल सोडायचं त्यांना कळत नाही. ते शिकवावं लागेल."

"म्हणजे मनाचे खेळ नव्हेत?"

"दुखणं खरं आहे. मी माझ्या बोटानं बघितलंय. फक्त ते आता जंतूंचं नाही, आणि म्हणून त्याला जंतूंच्या गोळ्या लागू पडत नाहीत." त्यांनी व्यायाम समजावून सांगितले. पाठीवर पडायचं, पोटात श्वास घ्यायचा आणि सोडताना आवळायचं नाही, उलट खाली सगळं मोकळं सोडायचं. गरम पाण्याची पिशवी. लघवी तुंबवायची नाही. डेपो मॅनेजरला लागलं तर चिठ्ठी देते म्हणाल्या. खालच्या मजल्यावर त्यांच्या ओळखीची फिजिओथेरपीवाली मुलगी होती, तिच्याकडं यायचं. दुखणं असेपर्यंत नवऱ्यानं जवळ यायची घाई करायची नाही. आणि ताप आला, अंगावरून घाण वास येणारं जायला लागलं किंवा दुखणं एकदम वाढलं तर वाट न बघता यायचं.

"बरं कधी व्हायचं?"

"महिने लागतील. पुष्कळ कमी होईल. पूर्ण जाईल असं वचन मी देत नाही."

मग धनाजींकडं वळल्या. "आणि तुम्ही. त्या गोळ्या आजपासून बंद. रोज दाबून बघणंही बंद. तुम्ही बघता म्हणून तिथं चुरचुरतं, चुरचुरतं म्हणून परत बघता. अशाच खात राहिलात तर पुढं कधी खरंच गरज लागल्यावर ह्या गोळ्या तुम्हाला लागू पडायच्या नाहीत."

"भ्या वाटतंय, बाई," धनाजी म्हणाले. दीड वर्षात त्यांच्या तोंडून मी असं काही ऐकलं नव्हतं.

"वाटणारच. भीतीवरची गोळी नाही ती."

मला राहवेना. "बाई, म्हणजे ह्यांनी परत कुठं काही केलेलं नाही, असं समजायचं ना मी?"

त्यांनी चष्मा काढला. "ते मला विचारू नका. तपासणी जंतू आहे का नाही एवढंच सांगते. माणसानं काय केलं, काय नाही, ते सांगत नाही. दुखणंही सांगत नाही. त्याला त्या कामाला लावू नका."

जिना उतरून आम्ही स्टँडजवळच्या एका हॉटेलात बसलो. धनाजींनी मला न विचारताच शिरा आणि चहा मागवला. त्यांचा चेहरा उजळला होता. वरचं बटण सोडून त्यांनी पंख्याखाली मान मागं टाकली.

"सुटलो बघ," ते म्हणाले.

"काय सुटलात?"

"म्हंजे..." ते गडबडले. "आता शंका न्हाई न्हवं कसली. डॉक्टरनंच सांगितलं."

मला वाटलं होतं, रिपोर्ट चांगले आले की माझ्याही छातीवरचं ओझं उतरेल. तसं झालं नाही. दीड वर्ष मी फक्त एकच विचारत होते: परत केलं का? ते 'परत' बाजूला झालं आणि त्याच्यामागं, जिथल्या तिथं, पहिलं उभं होतं. त्याच्याबद्दल मी एक अक्षर विचारलं नव्हतं. मी रागावलेसुद्धा नव्हते. माझ्या वाटणीचा राग माझं पोटच करत बसलं होतं.

"कोण होती ती?" मी विचारलं.

त्यांचा चमचा शिऱ्यातच थांबला. शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं भजी खात होतं. धनाजी त्यांच्याकडं बघत राहिले. खिशात डॉक्टरांचा चांगला कागद होता. 'एकदाच झालं, सांगितलंय की तुला' एवढं म्हणाले असते तरी भागलं असतं. त्यांना खोटं ठरवायला माझ्याकडं आता काहीच नव्हतं.

"एकदा नव्हतं," ते म्हणाले.

मी कप खाली ठेवला.

"चित्रदुर्गाच्या पुढं कॅम्प हुता. जेवण रांधायला बाया यायच्या, त्यातली एक. नागम्मा नाव. नवरा मेलेला. थंडी सगळी तिथं काढली आम्ही." ते थांबले. "तेवढी थंडी."

"थंडीभर."

"व्हय."

"आणि जत्रेला आलात."

"व्हय."

चहावर साय धरली. मला ओरडावंसं वाटलं, कप फेकावासा वाटला. हॉटेलात होतो म्हणून मी तसं केलं नाही असं नाही. तिथं भांडणाऱ्या बायका मी पुष्कळ बघितल्या आहेत. पण माझ्या डोक्यात भलतंच आलं. मला माझा तो ताप आठवला. कमरेत वाकून भिंतीला धरून चालणं आठवलं. सासूबाईंचं धन्याचं पाणी.

"तिला सांगितलं का?"

"काय?"

"तुम्ही औषध घेतलं, मी घेतलं. तिला कुणी सांगितलं का, की तिलाबी हे असंल?"

धनाजींनी मान हलवली. नाही.

"म्हणजे ती अजून तशीच."

"तिला काय व्हतंय... त्या बाया..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. माझ्याकडं बघून पुरं करायचं धाडस झालं नाही.

"तिला पोट नाही?" मी म्हणाले. "जाऊन सांगा तिला. डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घ्या. आत्ता."

"मी? तिकडं?" त्यांनी खुर्ची मागं सारली. "येडी काय तू? मी तिकडं गेलो तर तूच म्हणशील परत..."

"म्हणेन की. म्हणू द्या मला. तरी जायचं."

"तू चल मग संगट."

"मी नाही येणार."

मला तिची दया आली होती, असं कुणी समजू नये. ती समोर असती तर मी तिचे केस धरले असते. पण माझं दुखणं तिच्याकडनं आलं, की तिचं ह्यांच्याकडनं गेलं, हे कुणाला ठाऊक? ते कळायची सोय नव्हती. एवढं मात्र कळत होतं, की एक बाई कुठंतरी माती तुडवत दुखण्यानं वाकली असेल आणि तिला कुणी खरं सांगितलेलं नाही.

मग धनाजी उठून चिठ्ठीसाठी परत तो जिना चढले.

ते दोन दिवसांनी निघाले. सासूबाईंना सांगितलं, जुन्या ठेकेदाराकडं काम आहे. मी दारातून बघितलं नाही.

त्याच आठवड्यात माझी गाडी घाटातून खाली येत असताना कळ आली. नेहमीच्या जागी, नेहमीची. माझ्या सवयीनं मी लगेच अर्थ लावायला लागले: आत्ता ते तिथं असतील. संध्याकाळचं तिच्या चुलीशी बसले असतील. मी दांडा धरून उभी होते, तोंडाला घाम आला होता. मग मला हेरवाडे बाईंचं बोलणं आठवलं. मी मागच्या रिकाम्या सीटवर बसले, पाय सोडले, पोटात श्वास घेतला आणि खाली सगळं सैल सोडलं. परत घेतला. गाडी वळणं घेत होती. थोड्या वेळानं कळ उतरली. ती गाडीच्या धक्क्यानं आली होती आणि श्वासानं गेली होती. तिच्यात धनाजी कुठंही नव्हते.

शिवगोंडा अण्णांनी आरशातून विचारलं, "थांबवू का?"

"नको, अण्णा. चालू द्या."

धनाजी परत आले तेव्हा मी ओसरीवर सानिकाची वेणी घालत होते. अंगावर लाल धूळ, दाढी वाढलेली. सानिकाला मी आत पाठवलं. ते पायरीवर बसले.

"कॅम्प हलला हुता. हिरियूरच्या अलीकडं सापडली."

"भेटली?"

"भेटली." त्यांनी चपला काढल्या. "आधी वाटलं तिला, मी तसाच आलोय. दार लावून घेतलं. मग बाहीरनंच सांगितलं सगळं, कानडीत, मोडकं तोडकं. दार उघडलं. लई दिस अंगावरनं जायलंय म्हणाली. पोट दुखतंय. देवाला नवस बोलली हुती."

"मग?"

"मग शिव्या दिल्या. लई दिल्या. मी ऐकून घेतल्या. सकाळी सरकारी दवाखान्यात नेली, चिठ्ठी दाखवली. तिथं रांगेत बसल्यावर तिनं विचारलं, तुला कुणी पाठवलं? म्हटलं, बायकोनं."

"काय म्हणाली?"

"काय न्हाई. मग म्हणाली, जा तू आता, माझं मी बघते."

एवढं सांगून धनाजी थांबले. माझ्याकडं बघत होते. त्यांनी सांगितलेलं खरं होतं का, ते हिरियूरला गेले होते का, रात्री कुठं झोपले, ती बाई खरंच दवाखान्यात बसली का, हे तपासायला माझ्याकडं काहीसुद्धा नव्हतं. रिपोर्ट नव्हता. त्या संध्याकाळी पोटही दुखत नव्हतं. आणि दुखत असतं तरी त्याला मी विचारलं नसतं.

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि विश्वास ठेवला.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मिरजेच्या खेपा वर्षभर चालल्या. धनाजींची चुरचुर गोळ्या बंद केल्यावर हळूहळू गेली. कधी गेली ते त्यांनाही सांगता आलं नाही. आम्ही परत एकमेकांच्या जवळ यायलाही तेवढाच वेळ लागला, आणि मधे भांडणं झाली, अगदी शेजाऱ्यांना ऐकू जाण्याइतकी. त्या 'थंडीभर'वरून मी त्यांना जे बोलायचं ते सगळं बोलले. त्यांनी उठून जायचं टाळलं.

माझं दुखणं अजून येतं. वर्षातून चार-दोनदा, लांबच्या प्रवासानंतर. विश्वासाचंही तसंच आहे. बहुतेक दिवस असतो. नसतो त्या दिवशी मी सरळ त्यांनाच विचारते.